रोज सकाळचं शून्य

मी चुका मोजणारी पेटी बोलतेय. घाबरू नका, तुमच्या चुका मी मोजत नाही. त्यासाठी तुमच्या घरात तुमची माणसं आहेत आणि ती ते काम फुकट करतात. मी मोजत होते तारेतून येणाऱ्या निरोपांच्या चुका. एका हॉस्पिटलच्या तळघरात, लाइन रूमच्या, म्हणजे तारांच्या खोलीच्या, भिंतीवर टांगून घेऊन, बावीस वर्षं मी हे एकच काम केलं.

दिसायला मी काही फार नाही. राखाडी पत्र्याचं अंग, पुढे काच, काचेमागे पाच चाकं आणि प्रत्येक चाकावर शून्य ते नऊ आकडे. उजव्या कुशीला एक काळी कळ आहे. ती दाबली की पाचही चाकं गरकन फिरून शून्यावर येतात. या कळीने पुढे काय गोंधळ घातला ते सांगण्यासाठीच तर आज तोंड उघडलंय.

माझा जन्म एका कारखान्यातला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने माझी चाकं बसवली. बसवता बसवता ती शेजारणीला आपल्या जावेच्या चुका एकेक करून सांगत होती. माझ्या स्वभावात जे उतरलं ते तिथूनच उतरलं असणार. मग तपासणीवाल्याने मला शून्यापासून नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत पळवलं आणि पुढच्या एका 'टक्'ला मी पुन्हा शून्यावर आले. तो "पास" म्हणाला आणि पुढच्या पेटीकडे वळला. मला केवढी धाप लागली होती, पण विचारतो कोण?

माझं काम सोपं आहे. निरोप तारेतून निघताना त्याचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याच्या शेपटाला त्याची बेरीज लावून देतात. इकडे पोचल्यावर ती बेरीज पुन्हा करायची. जुळली तर ठीक. नाही जुळली तर वाटेत काहीतरी बिघडलंय, मग मी म्हणते 'टक्' आणि चाक एक घर पुढे जातं. एखाददुसरा तुकडा बिघडला तर यंत्र तो पुन्हा मागवून घेतं, कुणाला पत्ताही लागत नाही. पण एकाच निरोपातले तीन-चार तुकडे बिघडले की यंत्र हात टेकतं आणि आलंय ते तसंच छापून मोकळं होतं.

हे निरोप म्हणजे ईसीजीच्या पट्ट्या. टेकडीपलीकडे एक छोटा दवाखाना होता, तिथे हृदयाचा डॉक्टर नव्हता. तिथली नर्स पेशंटची पट्टी काढायची, ती आमच्या तारेतून हॉस्पिटलात यायची आणि वरच्या मजल्यावरचे डॉक्टर ती वाचून फोनवर औषध सांगायचे. दिवसाला दहाएक पट्ट्या. म्हणजे रोज दहा माणसांचा जीव माझ्या अंगावरून जायचा, हे मी कधी विसरले नाही.

मला खोक्यातून बाहेर काढलं ते तारवाले काकांनी. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि डोळ्यांवर चष्मा नव्हता. तारेला तार जोडून त्यावर सोल्डरचा इतका नेटका थेंब सोडायचे की जोड कुठे आहे ते बोट फिरवून शोधावं लागे. त्या हातांचा त्यांना अभिमान होता. माझं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी ठेवलं, चुगलखोर. मला ते आवडलं, कारण ते खरं होतं.

पहिल्याच आठवड्यात लाइन रूमचे साहेब पाहुण्यांना घेऊन आले. माझ्या काचेवर चौतीस आकडा होता. पाहुण्यांनी विचारलं, हे चौतीस काय? साहेबांना 'चुका' म्हणायची लाज वाटली, ते काहीतरी पुटपुटले. पाहुणे गेल्यावर काकांना म्हणाले, मी रोज दहाला फेरी मारतो, तेव्हा इथे शून्य दिसलं पाहिजे. झालं. त्या दिवसापासून रोज सकाळी दहाला दहा मिनिटं कमी असताना काका पिवळं फडकं घेऊन यायचे, माझी काच पुसायचे आणि कळ दाबायचे. दहाला साहेब यायचे, शून्य बघायचे आणि खूश होऊन चहाला जायचे. माणसांना शून्य फार आवडतं. आत्ताच पुसलेल्या पाटीवर शून्यच असणार, एवढं कुणी लक्षात घेत नाही.

मला त्याचं काही वाटत नव्हतं. तारेवर तशाही चुका थोड्याच व्हायच्या, तासाला दोन, कधी एक, कधी तीन, कधी काहीच नाही. एकोणीस वर्षं सुखात गेली.

मग एकदा तळघराच्या गॅलरीचं छत रंगवायचं निघालं. छताखालून आमची तार जात होती, ती हलवणं भाग होतं. साहेबांनी चिठ्ठीवर लिहून दिलं की तार दोन दिवसांसाठी दुसऱ्या वाटेने न्यावी. काकांनी ती नेली, दोन नवे जोड दिले. छत रंगून वाळलं, रंगारी शिड्या घेऊन गेले, दोन दिवसांचे आठ महिने झाले आणि तार तिथेच राहिली. ऑफिसात 'तात्पुरतं' या शब्दाला किती आयुष्य असतं ते तुम्हाला सांगायला नको.

त्याच आठवड्यात ते सुरू झालं. सकाळी नऊ पस्तीसला मला एकदम वेड लागल्यासारखं झालं. टक् नाही, कडकडकडकड. चाकं थांबेनात. काका नुकतेच येऊन डबा ठेवत होते, तसेच धावत आले. नऊ मिनिटं ते माझ्यासमोर उभे होते. मग मी जशी सुरू झाले तशीच गप्प झाले. काचेवर तीन हजार सातशेच्या वर आकडा. काकांनी त्या दिवशी काच पुसली नाही. आधी कळ दाबली.

दुसऱ्या दिवशी तेच आणि तिसऱ्या दिवशीही तेच. काकांनी दोन्ही नवे जोड उघडले, पुन्हा केले, पुन्हा उघडले. चष्म्याचा नंबर वाढवून आणला. पण सकाळी नऊ पस्तीसला माझी कडकड चुकली नाही आणि दहाला दहा कमी असताना त्यांची कळही चुकली नाही. पूर्वी ते शून्य साहेबांसाठी होतं. आता काका ते स्वतःसाठी करत होते. मला त्यांचा राग आला. मी एवढी घसा फोडून सांगतेय आणि हा माझा माणूस रोज माझं तोंड दाबतोय.

वर डॉक्टरांकडे खराब पट्ट्या येऊ लागल्या. एक पट्टी तर सरळ रेघ छापून आली. डॉक्टरांनी घाईने फोन लावला तर नर्स म्हणाली की पेशंट समोरच बसलाय आणि घरी कधी सोडता म्हणून डोकं खातोय. त्यावर चार दिवस सगळे हसले. पुढच्या खेपेला मात्र कुणी हसलं नाही. एका बाईंची पट्टी वाचता येईना, दुसरी पाठवेपर्यंत वीस मिनिटं गेली आणि त्या बाईंना खरोखरच झटका आलेला होता. त्या वाचल्या. पण डॉक्टर जन्मात पहिल्यांदा तळघरात उतरले आणि साहेबांच्या टेबलावर तक्रार ठेवून गेले. एका महिन्यात अकरा पट्ट्या खराब.

साहेब आधी म्हणाले की तारेवर वर्दळ वाढलीय. मग म्हणाले, जोड खराब आहेत, तारवाल्याला आता दिसत नाही. शनिवारी तीन जणांची कमिटी बसणार होती. जोड खराब ठरले तर काकांना तारेवरून काढून स्टोअरमध्ये बसवायचं ठरलं होतं. नोकरीची शेवटची तीन वर्षं बल्ब आणि झाडू मोजत काढायची. त्या दिवशी काकांचा डबा तसाच परत गेला.

कमिटीला पुरावा हवा म्हणून मुख्य ऑफिसातून एक मुलगी आली. तिला सगळे आकडेवाली म्हणायचे. केस पेन्सिलीने वर खोचलेले, हातात चौकटींची वही, आणि माझ्यासमोर स्टूल टाकून बसायची सवय. बावीस वर्षांत माझ्याकडे इतका वेळ कुणी पाहिलं नाही. मी खरंच लाजले. सोमवार ते बुधवार ती सव्वादहाच्या बसने यायची, पाचपर्यंत दर तासाला माझा आकडा लिहून घ्यायची, शिवाय कुठल्या तासाला किती पट्ट्या आल्या तेही लिहायची. सकाळी मी शून्यावर का असते, हे तिने विचारलंच नाही. तिला वाटलं, ऑफिस उघडतं तशी पेटीही उघडते. शिकलेली माणसंसुद्धा अशी चुकतात बघा.

गुरुवारी तिने वहीत गणित मांडलं. दिवसाच्या चौदा चुका, तासाला दोन, आणि त्या कशाही विखुरलेल्या. तिच्याकडे अशा विखुरलेल्या चुकांचं एक जुनं सूत्र होतं. त्यात माझे आकडे इतके चपखल बसले की ती स्वतःवरच खूश झाली. काका दारात उभे होते. त्यांनी विचारलं काय निघालं. ती म्हणाली की चुका अगदी मोकळ्या, सुट्या येताहेत आणि जोड सैल झाला की अशाच येतात. काका "हं" म्हणाले आणि पक्कड पुसत बसले. पक्कड स्वच्छच होती.

मी आतल्या आत तडफडत होते. अगं बाई, सकाळचं काय?

पण पोरगी प्रामाणिक होती. सही करण्याआधी तिने एक उलटं गणित केलं. चुका जर अशा तासाला दोन विखुरलेल्या असतील, तर तारेतून मिनिटभरात येणाऱ्या एका पट्टीत तीन चुका एकत्र गाठ पडायला किती काळ जाईल? उत्तर आलं आणि ती वहीकडे बघतच राहिली. तिने खोडलं, पुन्हा केलं. तेच आलं. चोपन्न वर्षांत एक पट्टी. आणि इथे महिन्यात अकरा.

"काका," ती हळूच म्हणाली, "ही पेटी सगळ्या चुका मोजते ना? एखादी सुटत तर नाही?"

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा अपमान. पण मी काकांकडे बघत होते. ते फरशीकडे बघत म्हणाले, "मोजते. ती कधी चुकत नाही."

शुक्रवारी ती आधीच्या बसने आली. पावणेदहाला. माझी कडकड नुकतीच थांबली होती. तिने मला पाहिलं आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवायची विसरली. तीन हजार आठशे एकसष्ट. काल पाचला निघताना तिने माझ्यावर चौदा पाहिले होते. तिने तो आकडा तळहातावरच लिहून घेतला, कारण वही पिशवीत होती. तेवढ्यात काका फडकं घेऊन आत आले. एकोणीस वर्षांची सवय, नजर काचेवर, ती कोपऱ्यात उभी आहे हे त्यांना दिसलंच नाही. काच पुसली, कळ दाबली. गरकन शून्य.

"काका, हे काय केलंत?"

काका वळले. फडकं हातातच राहिलं. सवयीने म्हणाले, "रोजचंच आहे मॅडम. साहेबांना सकाळी शून्य लागतं."

"रोज? आणि रोज एवढा आकडा असतो?"

काका तिच्याच स्टुलावर बसले. फडकं घडी घालून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "आठ महिने झाले. मला वाटलं, माझेच हात गेले. आता हे कुणाला सांगायचं?"

मला त्यांचा आठ महिन्यांचा राग होता, तो तिथल्या तिथे गेला. आकडेवालीही रागावली नाही. तिने दुसरं स्टूल ओढलं, वही काढली आणि विचारलं की हे कधी सुरू होतं, कधी थांबतं. काकांना मिनिटासकट पाठ होतं. सुरू नऊ पस्तीसला, बंद नऊ चव्वेचाळीसला. एकदा सुरू झालं की मध्ये फारसा दम नाही, एकदा थांबलं की दुसऱ्या सकाळपर्यंत नाव नाही. एका रविवारी ते मुद्दाम येऊन बसले होते. रविवारी काहीच होत नाही. आठ महिन्यांचा सगळा अभ्यास या माणसाच्या डोक्यात होता, आणि पोरगी तो पाच दिवस माझ्या काचेत शोधत होती.

तिने लिहिता लिहिता पेन्सिल थांबवली. तारेच्या दोन तऱ्हा आहेत, ती म्हणाली. एक शहाणी, एक बिथरलेली. दोन्हींची एकत्र सरासरी काढली की खरं कधी दिसणारच नाही. मग ती काकांकडे वळली.

"जोडाला घड्याळ कळत नाही, काका. आणि त्याला रविवारची सुट्टीही नसते. हे तुमच्या हातांचं काम नाही. हे कुणीतरी वेळेवर येणारं आहे."

आमच्या इमारतीत ठरल्या मिनिटाला येतं कोण? दोघं विचार करू लागले. साहेब नाही. डॉक्टर तर नाहीतच. आणि गॅलरीतून रिकाम्या ढकलगाडीचा खडखडाट आला. लाँड्रीच्या मावशी. तळघरात धुतलेल्या चादरी त्या रोज सकाळी सामानाच्या लिफ्टमधून सातही मजल्यांवर पोचवायच्या, आणि त्यांच्या वेळेवर लोक घड्याळं लावायचे; एरवी ती लिफ्ट बंदच असायची, रविवारीही. काका ताडकन उठले. त्यांनीच 'दोन दिवसांसाठी' आमची तार लिफ्टच्या पोकळीतून, मोटरच्या जाड वायरीला खेटून नेली होती. लिफ्ट चालू असायची तेव्हा ते इथे माझ्यासमोर उभे असायचे, आणि ते जोड तपासायला तिकडे जायचे तेव्हा लिफ्ट थांबलेली असायची. आठ महिने दोघांची चुकामूक.

मावशींना बोलावलं. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता माझ्या चादरींनी कुणाचं काय वाकडं केलं?"

अकरा वाजता त्यांनी रिकामी लिफ्ट वर सोडली. मी कडकडले. त्यांनी थांबवली, मी थांबले. पुन्हा सोडली, पुन्हा कडकडले. तिसऱ्यांदा कुणी सांगितलं नव्हतं, पण मावशींना मजा वाटू लागली होती. काका डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. एवढंच. मला रडता येत असतं तर माझी चाकं गंजली असती.

शनिवारच्या कमिटीला मी नव्हते, पण मावशी साहेबांच्या खोलीत धुतलेले पडदे लावायला गेल्या होत्या आणि त्यांनी ते फार सावकाश लावले. आकडेवालीने वहीतलं, सकाळचे आकडे नसलेलं कोरं पान पुढे ठेवलं तेव्हा काकाच आधी बोलले. कळ मी दाबत होतो, म्हणाले, आधी सांगितल्याप्रमाणे आणि नंतर भीतीने, आणि त्या बाईंची वीस मिनिटं गेली त्यात माझा वाटा आहे. मग आकडेवालीने 'दोन दिवसांसाठी' ही चिठ्ठी ठेवली. साहेबांनी ती इतका वेळ वाचली, जणू अक्षर दुसऱ्या कुणाचं आहे. शेवटी ते म्हणाले की सकाळचं शून्य मीच मागितलं होतं, तर तेही लिहून घ्या. त्या एका वाक्यासाठी मी साहेबांना बरंच काही माफ केलं.

काकांना ताकीद मिळाली आणि तारही मिळाली. सोमवारी त्यांनी ती छताखालून परत नेली. माझी चाकं शेवटची एकदा शून्यावर आणली आणि कळीवर स्वतःच्या हाताने कागद चिकटवला, 'हात लावू नये'. आकडेवाली परत जाताना मला टिचकी मारून गेली. काका तिला दारापर्यंत सोडायला गेले. पाच दिवस तिला मॅडम म्हणत होते, दारात म्हणाले, "सांभाळून जा, पोरी."

त्यानंतर तीन वर्षं कुणी कळ दाबली नाही. साहेब दहाला यायचे, पहिले काही दिवस आकडा बघून त्यांचा चेहरा आंबट व्हायचा, मग सवय झाली. मी आपली तासाला दोनच्या चालीने पुढे सरकत होते. मग काचेची तार, म्हणजे फायबर, आली, माझ्यासारख्यांचं काम पडद्यावरच्या आकड्यांकडे गेलं आणि त्याच महिन्यात काका निवृत्त झाले. निरोपाला काय हवं म्हणून साहेबांनी विचारलं. काकांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

आता मी त्यांच्या घरी फळीवर असते. एका बाजूला कुंडी, दुसऱ्या बाजूला चष्म्याचं घर. काकूंना मी मुळीच पसंत नाही, हे डबडं कशाला आणलं म्हणून त्या आठवड्यातून एकदा विचारतात. मला वीज नाही, पण माझी चाकं आहेत तिथेच आहेत. बावन्न हजार चारशे सतरा. पाहुण्यांना वाटतं केवढ्या या चुका. त्यांना कुणी सांगत नाही की त्या तीन वर्षांत एकही पट्टी खराब आली नाही.

म्हणून एक विनंती आहे. तुम्ही कधी त्या घरी गेलात तर तुमचाही हात कळीकडे जाईल, सगळ्यांचा जातो. बघा, पण दाबू नका. आणखी एक गोष्ट काकांनी अजून काकूंनासुद्धा सांगितलेली नाही, ती मी सांगते. रोज सकाळी दहाला दहा कमी असताना ते पिवळं फडकं घेऊन येतात, काच पुसतात, जुन्या सवयीने बोट कळीपर्यंत नेतात. ते तिथे थांबतं. मग ते वाकून मला आकडा वाचून दाखवतात, एकेक अंक, अगदी सावकाश, आणि बोट मागे घेतात.

सांगितलं ना, चुगलखोर आहे मी.